समासातले काका

कादंबरीशी एवढ्या पोटतिडकीने भांडणारा वाचक अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी ग्रंथपाल म्हणून लिहून द्यायला तयार आहे. हे गृहस्थ माझे चुलत सासरे. त्यांचं उसाचं रान शिरोळला, पण दर मंगळवारी एसटीनं जयसिंगपूरला माझ्या वाचनालयात हजर! आल्या आल्या फर्मान सुटणार, "सूनबाई, बाहीरच्या माणसास्नी छळल्याली एकादी काढ." प्रेमकथा पुढे केली तर ती दोन बोटांत धरून अशी परत करणार, की मीच ओशाळावं. त्यांना हवे ऊसतोडवाले, नाहीतर इचलकरंजीच्या मागांवर राबणारे बिहारी.

आणि वाचायचं कसं, तर पंच होऊन. निकाल शिसपेन्सिलीनं समासात. कादंबरीतला मुकादम मिशीला पीळ भरून हसला, की शेजारी लिहिणार, 'खोटं. मुकादम ग्वाड बोलतो, म्हणून तर माणसं फसत्यात.' ऊसतोड टोळीतल्या बायका पानोपानी रडायला लागल्या, की 'ह्या कधी हसत न्हाईत व्हय?' एका लेखकानं ऐन आषाढात ऊसतोड लावली, त्याची तर अख्ख्या पानभर हजेरी घेतली होती. गंमत म्हणजे, लोक माझ्याकडे काकांनी वाचलेलीच प्रत मागायला लागले.

समितीला मात्र यात गंमत दिसेना. पुस्तकं खराब करणाऱ्याचं सभासदत्व रद्द करा, असा ठराव झाला आणि सासऱ्यांना सांगायचं काम आलं माझ्या कपाळी. पुरावा म्हणून त्यांनी परत केलेली शेवटची कादंबरी चाळायला घेतली. त्यात एक शेतकरी ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांत, म्हणजे पाल्याच्या झोपड्यांत, राहणाऱ्या बायकांना पाणी मिळू नये म्हणून मोटर बंद करतो. समासात चारच शब्द होते, 'खरं हाय. ह्यो मीच.'

विचारलं, तर मान खाली घालून सांगितलं. टोळीनं आधी शेजाऱ्याचा ऊस तोडला, म्हणून एका हंगामात काकांनी तीन दिवस मोटर बंद ठेवली होती. हनुवटीवर गोंदण असलेली एक ओली बाळंतीण तान्ह्याला पोटाशी बांधून नदीवरनं घागर आणायची. हे बांधावर बसून बघत होते. "म्हणलं, पुस्तकात कुणीतरी माझ्यापरास वाईट घावंल. तेवढ्यासाठी वाचतो, पोरी."

मी समितीला सांगितलं, आधी माझी नोकरी काढा, मग त्यांचं सभासदत्व.

काकांनीही मनाशी पक्कं केलं, त्या बाईला शोधून माफी मागायची. तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं, तरी दर हंगामात टोळ्या उतरल्या की कोपी-कोपी पालथी घालायची. गावानं वेड्यात काढलं, गुडघे बोलायला लागले, माणूस हटला नाही. आणि गेल्या हिवाळ्यात ती हातकणंगल्याजवळ सापडली, हनुवटीवरच्या गोंदणावरनं काकांनी ओळखली! सोबत मी होते. काकांनी हात जोडून सगळं सांगितलं. ती मोळी बांधता बांधता ऐकत होती.

"दादा, पाणी लय जणांनी तोडलं," ती म्हणाली. "त्यातलं तुमचं कोणचं, न्हाई ध्यानात." रागानं नाही, अगदी साधेपणानं. मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे निघून गेली.

परतीच्या एसटीत काका एकदाच म्हणाले, "शिवी घातली असती तर बरं झालं असतं." भल्याभल्या लेखकांना धारेवर धरणारा हा माणूस एका बाईच्या शिवीसाठी झुरत होता, आणि ती मी त्यांना कुठल्या कपाटातून काढून देणार होते?