आटलेल्या तळ्यातल्या गोगलगायी

मेंढीचं यकृत कापलं आणि आतून चपटे, पानासारखे जंत निघाले. मी सुरी खाली ठेवली. शेजारी गयाबाई उभ्या होत्या. मेंढ्या त्यांच्या. महिन्याभरात मेलेली ही तिसरी.

करमाडच्या बाजूला मी जनावरांचा डॉक्टर होतो. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. गयाबाईंचा वाडा, म्हणजे कळपासकट मुक्काम, एका आटलेल्या तलावाच्या काठी होता. तिन्ही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबत होती. पहिल्या दोघींच्या वेळी मी न कापताच निदान ठोकून दिलं होतं. उपासमार! दुष्काळात दुसरं काय असणार?

"हे लिव्हर फ्लूक," मी म्हणालो. "जंताची अंडी लेंडीतून पाण्यात जातात. तिथून बारक्या गोगलगायींत. त्यांच्यातून काठच्या गवतावर, आणि गवतासोबत मेंढीच्या पोटात."

"आन् तळ्यात पाणी हाय कुठं, सायेब?"

माझाही हिशोब तोच होता, आणि तोच चुकला होता. पावसानंतर गोगलगायी भरमसाट वाढतात, म्हणून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आम्ही जंताचं औषध पाजायचो. त्या वर्षी मी फाइलवर लिहिलं, पाऊस नाही, सबब गोगलगायी नाहीत. आणि आमचा साठा पिशोरच्या दवाखान्याकडं पाठवून दिला.

तलावाच्या मधोमध एक डबकं उरलं होतं. काठावर हिरवी कड. वाकून पाहिलं तर चिखलात गोगलगायींचा नुसता खच. तलाव भरलेला असतो तेव्हा त्या सगळ्या काठाला विखुरतात. पाणी हटलं तशा उरल्यासुरल्या सगळ्या इथं गोळा झाल्या होत्या.

"मेंढ्या रोज इथंच चरतात?"

"मग कुठं चरत्याल? समद्या माळावर प्लाटाचे दगड रोवलेत. हिरवं म्हनून येवढंच ऱ्हायलंय."

भेगाळलेल्या गाळातूनही मी गोगलगायींचे काही शंख उकरून घेतले. कोरडे, मेल्यासारखे. दवाखान्यात बशीभर पाण्यात टाकले. सकाळी त्यातले निम्मे बशीच्या कडेवर चढलेले! उन्हाळ्यात गोगलगाय तोंड बंद करून गाळात पडून राहते आणि ओल मिळाली की उठते, हे कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

मी साहेबांना फोन लावला.

"दुष्काळात गोगलगायी? लोकांना काय सांगू मी?"

"सर, चूक माझी आहे. पिशोरला शिल्लक असेल तेवढं औषध परत पाठवा. कळप जाईल."

"लेखी देता?"

"देतो."

दोन दिवसांनी औषध आलं. एकेक मेंढी धरून आम्ही पाजलं. तोवर आणखी दोन गेल्या होत्या. बाकीच्या हळूहळू सावरल्या, तोंडाखालची सूज ओसरली. कळप चालण्याजोगा होताच गयाबाईंनी घोड्यावर बिऱ्हाड लादलं. सिल्लोडच्या बाजूला निघाल्या होत्या.

त्या निघताना मला बोलावंच लागलं. पहिली मेंढी मेली त्याच दिवशी त्या वाडा हलवायला निघाल्या होत्या. त्यांच्यात तशी रीतच आहे. मीच अडवलं होतं, पाणी सोडून कुठं जाता म्हणून.

"गयाबाई, चुकलं माझं. तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं."

त्या घोड्याची दोरी आवळत होत्या. "सासरा म्हनायचा, मेंढरू मेलं की जागा सोडायची. का, ते त्यालाबी ठावं नव्हतं. तुमी शिकलेले, म्हनून ऱ्हायले."

आवाजात राग नव्हता. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर न कापता मी निदान लिहिलं नाही. आणि निघालेल्या माणसाला थांब म्हणण्याआधी, तो का निघालाय, एवढं विचारायला शिकलो. पाच मेंढ्या लागल्या त्याला, आणि त्यातली एकही माझी नव्हती.