बारावं नाव

काकासाहेबाचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. गाव कसलं, वाडीच ती. पंचवीस-तीस घरं, सगळी धनगराची, आन माणसाहून मेंढरं जास्त. तिथल्या पोराला चालायच्या आधी पळायला येतं, कारण मेंढरू काही कुणासाठी थांबत नाय. शाळेतल्या मास्तरानं एक दिवस माळावर दोन खांब रोवले, मधी आठ पोरं बसवली आन काकासाहेबाला म्हणला, "पळ." हा जो पळाला तो राज्याच्या मैदानावर जाऊनच थांबला. खो-खोत वाडीचं नाव पेपरात आलं ते तेवढंच एकदा. नायतर वाडी पेपरात यायची ती बिबट्यानं मेंढरं फाडली की.

त्याच पायांच्या जोरावर त्यानं बी.पी.एड. केलं. खानदानात पहिला शिकलेला. संभाजीनगरात वाळूज रस्त्याच्या एका संस्थेच्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागला. लागला म्हणजे तासिकेवर. दर जूनला संस्था म्हणायची, पुढल्या वर्षी कायम करू. अकरा जून गेले. बायको म्हणायची, "तुमचं पुढलं वर्ष लई पळतं बघा. तुम्हालासुद्धा गावंना."

शाळेत मंडळं भरपूर. विज्ञान मंडळ, वक्तृत्व मंडळ, चित्रकला, स्काउट, लेझीम, हरित सेना. जिन्यात प्रत्येकाचा फलक आन फलकाखाली उद्घाटनाचा फोटो. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पुढं काय झालं, त्याचा फोटो कुणाचाच नव्हता. रोज चालू असायचं ते एक काकासाहेबाचं खो-खो. मैदानावरले खडे त्यानं स्वतः वेचले, पाणी मारून मुरूम धुमसानं ठोकला. सकाळी साडेसहाला त्याची शिट्टी वाजली की समोरचा टपरीवाला दूध तापायला ठेवायचा.

पोरी निवडायची त्याची रीत निराळी. पळायला लावायचाच नाय. सगळा वर्ग उकिडवा बसवायचा आन मागून बघत फिरायचा. जिला घरी चुलीपुढं, रानात बसायची सवय, ती पायाच्या चवड्यावर हलकी बसती आन खो मिळाला की सुटती. खुर्चीवर वाढलेली आधी हात टेकती, मग उठती. तेवढ्यात गडी निसटून जातो.

आठवीच्या वर्गात त्याला सुकेशनी तशी सापडली. बसली होती ती जणू उठायचं निमित्तच शोधत होती. बापाचं नाव त्रिंबक. वाळूजला एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन, आन गायरानाच्या कडेला दहा-बारा मेंढरं अजून सांभाळून. आपल्यातलाच माणूस निघाला. दोन वर्षांत पोर अशी तयार झाली की तिला टिपायला समोरच्या शाळेचा आख्खा संघ हैराण व्हायचा. तीन-तीन मिनिटं आत राहायची. काकासाहेब तोंडावर कधी शाबासकी देत नसे. "पाय जड पडतेत" एवढंच म्हणायचा. पोरींना ठाऊक होतं, ज्या दिवशी सर काहीच म्हणत नाय त्या दिवशी लई चांगलं खेळलो.

त्या साली सुकेशनी दहावीला. जिल्ह्याच्या स्पर्धेची यादी भरायची होती. नऊ पोरी खेळतेत, तीन राखीव, असे बारा. काकासाहेबाच्या बरोबर बारा तयार होत्या. तेवढ्यात सरोजिनी मॅडमनं, म्हणजे मुख्याध्यापिका बाईनं, बोलावणं धाडलं.

"बसा ना काकासाहेब."

अकरा वर्षांत बाईनं बसा म्हणलेलं हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा म्हणली होती तव्हा त्याच्या गळ्यात निवडणुकीचं काम पडलं होतं. तो खुर्चीच्या काठावर टेकला.

"खो-खोची यादी गेली का?"

"आज भरतो मॅडम. ऑनलाइन आहे."

"मनस्विनीचं नाव घ्या त्यात."

"मनस्विनी तं वक्तृत्वात आहे."

"दहावी आहे तिची. खेळाचे वाढीव गुण मिळाले की तिचं टक्क्यांचं जमतं. मधुसूदनरावांची नात आहे, तुम्हाला मी सांगायला नको."

मधुसूदनराव म्हणजे संस्थेचे सचिव. ते खरंच सांगायला नको होतं.

"पण तिला बसता येत नाय मॅडम."

"राखीव म्हणून टाका. तंबूत खुर्चीवर बसायला काय लागतं?"

"माझ्या बारा भरल्यात. कुणाला काढू?"

"ते मला कसं कळणार? मैदान तुमचं." बाईनं चष्मा काढून पुसला. "तुमच्या कायमच्या प्रस्तावावर याच सत्रात सही व्हायची आहे. मी तिकडे तुमच्यासाठी भांडतेय हो. थोडं तुम्हीही समजून घ्या."

काकासाहेब संगणकाच्या खोलीत येऊन बसला. कुणाला काढायचं हे त्यानं खेळावरून ठरवलं नाय. बापावरून ठरवलं. एकीचा बाप वकील. एकीचा पोलिसात. एकीची आई बचत गटाची अध्यक्ष, तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. एकीचा मामा पेपरात बातम्या द्यायचा. असं करत करत तो त्रिंबकपाशी आला. हा माणूस शाळेच्या ओसरीवर चढताना चपला काढायचा. सर म्हणतेत म्हणजे खरंच असंल, असं म्हणणारा. पोर खेळात सगळ्यात वरची, आन बाप तकरारीत सगळ्यात खालचा.

त्यानं सुकेशनीचं नाव गाळलं आन तिथं मनस्विनीचं टाकलं. यादी गेली. संगणकानं हिरवी खूण दाखवली.

सुकेशनीला सांगितलं, "आधार कार्डावर तुझी जन्मतारीख घोळात आहे. मशीननं नाव घेतलं नाय."

"मागल्या वर्षी तं घेतलं होतं, सर."

"यंदा मशीन बदललं."

 पोर म्हणली, "मी येऊ का? पाणी द्यायला."

नको म्हणायला हवं होतं. पण बाटल्या उचलायला कुणी लागतंच. "ये," म्हणला.

गारखेड्याच्या मैदानावर स्पर्धा झाली. टी-शर्ट आधीच शिवून आलेले, नंबर टाकून. सुकेशनीचा चार नंबर मनस्विनीच्या अंगावर गेला. मनस्विनी वाईट पोर नव्हती. तंबूत खुर्चीवर बसून तिला कंटाळा आला, शेजारी सुकेशनी बाटल्या भरीत होती, तिच्याशी बोलत बसली.

"हा टी-शर्ट तुझा होता ना गं? मला लूज होतोय."

"व्हय."

"मला खरंच नको होतं हे. आजोबांनी मॅडमना सांगितलं, मॅडमनी सरांना. मग सरांनी तुझं काढून माझं टाकलं. मार्कांसाठी गं सगळं. तू रागावली नाहीस ना?"

सुकेशनीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. काकासाहेब चार हातावर खांबापाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. पोरीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, त्यानं हातातल्या घड्याळाकडं बघितलं.

फायनलला शेवटच्या पाळीत गडी टिकंना. मैदानातून एक पोर ओरडून म्हणली, "सर, सुकेशनीला उतरवा." काकासाहेब म्हणला, "नाव नाय तिचं." दुसरा नंबर आला. शाळेला तेवढा पुरला. प्रमाणपत्रं बाराजणींना मिळाली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्रिंबक आला. रात्रपाळी करून तसाच आलेला, अंगात वॉचमनचा निळा सदरा, खांद्यावर घोंगडी. मागं सुकेशनी. ओसरीवर चढला नाय, सरळ मैदानावर आला. काकासाहेब चुन्यानं रेघा मारीत होता.

"राम राम सर."

"या त्रिंबकराव. चहा सांगू?"

"चहा नंतर." त्रिंबकनं घसा साफ केला. "आता बघा, मला काही भांडायचं नाय. पोर घरी येऊन म्हणली, सरानं माझं नाव काढलं आन सायबाच्या नातीचं टाकलं. मी म्हणलं, येडी का खुळी? सर आपल्यातला माणूस. धनगराची पोर पुढं चालली तं धनगर आडवा येईल का? दोन ठेवून दिल्या तिच्या. तरी ऐकंना. दोन दिस जेवली नाय. आता मला शाळेचे कागद वाचता येत नाय. त्या मशीनचं मला काही कळत नाय. मला जे कळतं ते घेऊन आलो."

त्यानं कमरेची पिशवी सोडली. घोंगडी जमिनीवर अंथरली, तिच्यावर मूठभर देवाचा भंडारा ठेवला. हळदीचा पिवळा ढीग उन्हात झळकला.

काकासाहेबाला सांगायची गरज नव्हती. वाडीत मेंढराचं भांडण असो का बांधाचं, शेवट इथंच व्हायचा. ज्याच्यावर आळ, त्यानं भंडारा हातात घेऊन बोलायचं. बोलला की संपलं. मग त्याला पुढं कुणी काही विचारायचं नाय, आन ज्यानं आळ घेतला त्यानं पाया पडायचं. काकासाहेबाच्या आज्जानं एकदा नुसती शंका होती म्हणून भंडारा उचलला नव्हता. कुणाचा तरी एडका आपल्या कळपात मिसळला असंल का नसंल, खात्री नाय म्हणला, आन आपला एडका देऊन टाकला. अजून वाडीत त्याचं नाव घेतेत.

"उचला," त्रिंबक म्हणला, "आन सांगा. मग मी पोरीला गप करतो."

काकासाहेबानं मान वळवली. ओसरीवर सरोजिनी मॅडम उभ्या, हात खांबावर. त्यांना घोंगडी दिसत होती, त्यावरलं पिवळं काय ते कळत नसावं. बाकी सगळं कळत असावं.

खरं सांगितलं असतं तं काय झालं असतं? त्रिंबक तकरार करणारा नव्हता. हात जोडून म्हणला असता, बरं केलं सांगितलं, आन पोरीला घेऊन गेला असता. पोरीच्या मनातलं तेवढं निघालं असतं. एवढं स्वस्तातलं खरं काकासाहेबाला जन्मात पुन्हा मिळणार नव्हतं. पण ओसरीवर बाई उभी होती आन सही व्हायची होती, आन तो गुडघ्यावर बसला.

भंडारा उचलला.  

"मी नाव काढलं नाय," तो म्हणला. "मशीननं घेतलं नाय."

त्रिंबकनं मोठा श्वास सोडला. तोंडावर एकदम बरं वाटल्यासारखं झालं. आपला माणूस आपला निघाला, याचंच समाधान. मग पोरीकडं वळला.

"पड पाया."

सुकेशनी हलली नाय. ती सराकडं बघत होती. राग असा नव्हता त्या बघण्यात. समोरचा गडी आता डावीकडं वळतो का उजवीकडं, ते बघायला तिला त्यानंच शिकवलं होतं, तसं बघत होती.

"पड म्हणतो ना. भंडारा उचलला त्यांनी. आता तुझं काय राहिलं?"

"आबा, ते खोटं—"

त्रिंबकनं तिच्या पाठीत दणका घातला. पोरीची वेणी पुढं आली. मग ती वाकली. काकासाहेबाचा हात नेहमीसारखा आपसूक उठला, वाकलेल्या डोक्यावर टेकायला. हातावर हळद तशीच होती. पोरीच्या भांगात पिवळा डाग उमटला. तिनं तो पुसला नाय, बापाच्या मागं जाऊन उभी राहिली.

"माफी असावी सर." त्रिंबकनं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "पोर खोटं बोलाय शिकली. हे मैदानावरच शिकली म्हणा. तुमच्यावर आळ घेतला तिनं, आमच्या घराला हे शोभत नाय. आता हिला खेळाय लावू नका."

इथं काकासाहेबाला बोलायला जागा होती. पुरी एक घडी होती. त्रिंबक उत्तराची वाट बघत थांबलाही होता.

"बरं," काकासाहेब म्हणला.

सही झाली. दिवाळीनंतर काकासाहेब कायम झाला. बायकोनं गल्लीत पेढे वाटले. खोट्या भंडाऱ्यानं हात झडतो, कळप रोगानं मरतो, असं वाडीतली म्हातारी माणसं सांगायची. काही झालं नाय. हात धडधाकट राहिला, कळप तं त्याचा नव्हताच. मार्चपस्तोर सुकेशनी शाळेत येत राहिली. मैदान मधून ओलांडलं की वर्ग जवळ पडतो, पण ती भिंतीच्या कडेकडेनं जायची. पास झाली. मनस्विनीही झाली, वाढीव गुणांसकट.

पुढल्या जूनात दोन बाप्ये आले, आपापल्या पोरी घेऊन. दोघंही गायरानाकडले, त्रिंबकच्या शेजारचे. दोघांनीही चपला बाहेर काढल्या. एकाचं नाव रामकिसन. तो म्हणला, "सर, पोरींना खो-खोत घ्या. त्रिंबकनं सांगितलं, डोळे झाकून सोपवा. भंडारा उचलून बोलणारा मास्तर या शहरात दुसरा नाय."

काकासाहेबानं त्यांना पाणी दिलं. मग, विचारायचं नव्हतं तरी, विचारलं, "सुकेशनी कोणत्या कॉलेजात आहे?"

"कुठलं कॉलेज सर? मेंढरामागं असती." रामकिसननं तांब्या खाली ठेवला. "बापानं बसवलं घरी. लई हट्टी पोर. अजून म्हणती, सरानंच माझं नाव काढलं. मग त्रिंबक दोन ठेवून देतो. तेवढ्यापुरती गप बसती, आन पुन्हा तेच म्हणती."