आप्पांचं राहिलेलं गाऱ्हाणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही, असं ती गावभर सांगत असते. मग तुम्हालाच का सांगतोय? मला स्वतःलाही ते धड कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे परवा पुतणीने घरच्या ग्रुपवर पुन्हा तो स्टिकर टाकला.

तुमच्याकडेही असेलच तो. हात जोडलेले, एक डोळा गच्च मिटलेला, दुसरा हळूच उघडा. ते आमच्या गावचे आप्पा. तुमच्यासाठी लवू शिपाई. दूरदर्शनच्या दिवसांत दर गुरुवारी संध्याकाळी अख्खा महाराष्ट्र त्या माणसासाठी जेवण अर्धवट टाकून बसायचा. मुंबईतलं एक सरकारी ऑफिस, एक चिडका साहेब आणि त्यांच्यात सापडलेला मालवणी शिपाई — बस, एवढीच ती मालिका. साहेबांची छत्री हरवली की लवू टेबलावर चहाचा ग्लास नारळासारखा ठेवायचा आणि गाऱ्हाणं सुरू करायचा. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणताना त्याचा आवाज शेवटी असा काही चिरकायचा, आणि देव ऐकतोय का ते बघायला तो एक डोळा असा काही उघडायचा, की आजही मी एकटा असताना ते आठवून हसतो. हसू येतं हो. त्याला मी काय करू?

गाऱ्हाणं म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. गावच्या देवापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने मोठ्याने बोलायचं. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा बोटीवर गेलाय. प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्याचं मागणं, तो स्वतः बोलत नाही. त्याच्यासाठी दुसरा बोलतो. आमच्या गावात हा मान आमच्या घराचा. वडिलांनंतर तो माझ्याकडे आला.

आता गंमत बघा. मालिका गाजली आणि माझी पंचाईत झाली. मी गंभीरपणे गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो की मागून कुणीतरी खुसखुसायचंच. ‘वासू, लवूसारखा घाल रे!’ तीस वर्षं हे ऐकतोय. काजूच्या बागेत राबणारा माणूस मी, मला कसली आलीय अदाकारी? पण मनातून वाटायचं — एकदा घालून दाखवावं. मला जमतं ते. आंघोळीच्या वेळी न्हाणीघरात मी ते कितीदा घातलंय, ते त्या न्हाणीघरालाच ठाऊक.

आप्पा गावात येत ते गणपतीत. कट्टा या आमच्या बाजारगावच्या स्टँडवर उतरले की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचे. पण घरी आले की माणूस घुम्यासारखा. पेज, सुकट आणि गप्प बसणं. लोक नाराज व्हायचे. एवढा हसवणारा माणूस, आणि साधा विनोद करीत नाही म्हणजे काय? मला वाटतं, लवूने त्यांना खूप दिलं आणि मग दुसरं काही होऊच दिलं नाही. नंतरच्या प्रत्येक नाटकात, प्रत्येक सिनेमात त्यांना शिपाईच केलं आणि प्रत्येकाने एकदा तरी डोळा उघडायला लावलं. हे ते कधी बोलले नाहीत. मीच आपला अंदाज करतोय.

पण मी फिरतोय नुसता. मुद्द्यावर येत नाहीये.

आप्पांबद्दल कुठेही वाचलंत तर एक गोष्ट तुम्हाला सापडेल. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, मरणाआधी चार महिने ते गावच्या जत्रेला आले, आणि त्यांनी आपल्या गावकऱ्याला म्हणे सांगितलं, ‘माझ्यासाठी लवूसारखं गाऱ्हाणं घाल, मला हसत जायचंय.’ त्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलाय. लोक त्याखाली लिहितात, कलावंत असावा तर असा. कट्ट्याला त्यांच्या नावाने दर वर्षी विनोदी एकांकिकांची स्पर्धा होते. तिची सुरुवात त्याच गाऱ्हाण्याने होते. ते घालायला मला बोलावतात, शाल देतात, आणि मी ते घालतो. चिरक्या आवाजासकट.

तो गावकरी मी. आणि ते वाक्य आप्पांचं नाही. ते माझं आहे. आप्पा गेले त्या दिवशी एक वार्ताहर फोनवर विचारत होती आणि माझ्या तोंडून ते निघालं. असं सहज निघालं, जणू तयारच होतं. मग ते पसरलं.

खरं काय झालं होतं?

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पा माझ्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसले. गळ्याला मफलर, खिशात छोटी वही. बोलायचं ते त्या वहीत लिहायचे. अक्षर सुंदर, शाळामास्तरासारखं. त्यांनी लिहिलं, ‘वासू, उद्या माज्यासाठी गाऱ्हाणा घालशीत?’

मी म्हटलं, “घालतंय तर! तुमचो आवाज परत येवक व्हयो, आप्पानू. जोरात मागतंय.”

त्यांनी मान हलवली. नाही. आणि बराच वेळ लिहीत बसले. एवढंच लिहिलं होतं — ‘आवाज मागा नको. फकत सांग, पोटासाठी मी तुजी मस्करी केलंय, माका माफ कर.’

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी हसलो. वाईट हेतूने नाही — की होता? मी म्हटलं, “देव कित्याक रागावतलो? तुमी गावाचा नाव केलात.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली लिहिलं, ‘तुका काय ठावक.’ मग ते पान फाडून माझ्या हातात दिलं, मी विसरू नये म्हणून. मी हो म्हटलं. देवाची शपथ घेऊन म्हटलं, हेही सांगून टाकतो.

त्या माणसाला वाटत होतं की देवापुढच्या बोलण्याची त्याने आयुष्यभर थट्टा केली, म्हणून देवाने त्याचं बोलणं काढून घेतलं. मला ते पटत नाही. आजही पटत नाही. पण ते पटायला कुणाला हवं होतं? मला की त्यांना?

दुसऱ्या दिवशी देवळापुढे मुंगीला शिरायला जागा नाही. सरपंचांनी आप्पांचा सत्कार केला, मोबाइल वर झाले. मी नारळ ठेवला. आप्पा माझ्यापासून दोन हातांवर, डोळे मिटून, हात जोडून उभे. मी सुरुवात सरळच केली, हे मात्र खरं. “बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू आज तुज्या पायाकडे इला हा...” ‘व्हय म्हाराजा!’ — पण तो ‘व्हय म्हाराजा’ देवळातला नव्हता. मालिकेतला होता. सगळे त्या चालीत म्हणाले आणि हसले. आणि मला काय झालं? कुणी ढकललं का? नाही. माझा एक डोळा आपोआप उघडला, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. डोळा आपोआप उघडत नाही. मी उघडला.

केवढा हशा! असा हशा मी जन्मात मिळवला नव्हता. मग मी थांबलोच नाही. आवाज चिरकवला. “ह्या लवूचो आवाज मुंबयच्या गर्दीत खंय पडलो आसात, तर सोदून दी म्हाराजा! गावलो नाय, तर सायबाचो आवाज ह्येच्या गळ्यात घाल म्हाराजा!” बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. जे मागू नको म्हणून सांगितलं होतं तेच मी मागितलं, आणि जे मागायचं होतं त्याचं एक अक्षर काढलं नाही. माफीचं पान माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.

व्हिडिओत आप्पा हसताना दिसतात. तोंडावर हात, खांदे हलतायत. सगळे म्हणतात, बघा कसे हसतायत! मी दोन हातांवर होतो आणि मला ठरवता येत नाही. ते पाच-सात सेकंद मी मोबाइलवर कितीदा पाहिले असतील. कधी वाटतं, हसतायत. कधी वाटतं, आवाज नसलेला माणूस रडला तर असाच दिसेल.

का केलं मी असं? आप्पांनी गाऱ्हाण्याची थट्टा केली म्हणून वडिलांच्या वतीने सूड म्हणावा, तर वडीलच लवूवर सगळ्यांत जास्त हसायचे. हेवा? असेल. तीस वर्षांची खाज? तीही असेल. की मी आप्पांवर प्रेम करायचो आणि मला तेवढंच करता येत होतं? हे शेवटचं मला फार आवडतं, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

गर्दी पांगल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. वहीत लिहिलं, ‘उद्या सकाळी परत घालशीत? दोघांच.’ मी म्हटलं, “घालतंय, आप्पानू. आठाक येतंय.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी दुपारची त्यांची मुंबईची गाडी होती.

चार महिन्यांनी ते गेले. माझ्या खिशातलं ते पान मी त्याच आठवड्यात चुलीत घातलं. टीव्हीवाले घरी यायला लागले होते.

वही मात्र त्यांच्या मुलीकडे राहिली. नंदा तिचं नाव, मुंबईला असते. गेल्या वर्षी स्पर्धेला आली तेव्हा ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीतली बहुतेक पानं औषधांची, जेवणाची. एका पानावर बोट ठेवून तिने विचारलं, “वासूकाका, हे ‘दोघांच’ म्हणजे तुम्ही आणि बाबाच ना? काय मागितलं त्यांनी?”

मला सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. ती काही मला मारणार नव्हती. मी म्हटलं, “ते देवाचं आणि त्यांचं. पण घातलं मी. शांतपणे घातलं.” तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “बरं झालं. शेवटी शेवटी त्यांना सारखं काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. काय ते लिहायचे नाहीत. मला वाटायचं, माझंच काही चुकलं.” आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला! हात पोळायला हवा होता, पण तसं काही होत नसतं.

म्हणजे ती स्वतःला दोष देत होती. आणि मी तिला खोट्यावर समाधान दिलं. ती शांत झाली हे चांगलं झालं का? खरं सांगितलं तर तिच्या वाट्याला काय येईल? मी रोज उलटसुलट विचार करतो आणि रोज दुसऱ्याच ठिकाणी पोचतो. एवढं मात्र कळतं, की या गोंधळाचा मला फायदा होतो.

आता जत्रेनंतरच्या त्या सकाळचं सांगतो. उशीर झाला, झोप लागली, असलं काही झालं नाही. मी पावणेआठला मोटरसायकल काढली. अंगावर धुतलेला सदरा होता. देऊळ रस्त्यापासून लांब नाही, वळणावरून पायऱ्या दिसतात. आप्पा पायरीवर बसले होते. मांडीवर नारळ. मफलर काढलेला, गळ्यावरची खूण उघडी. जवळ कुणी नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून ते उठून उभे राहिले. मला ओळखून त्यांनी हात वर केला.

काल हसलेले लोक तिथे नव्हते. फक्त देव, आप्पा आणि मी. आणि मला तोंड उघडून ते एक वाक्य म्हणायचं होतं — ह्येका माफ कर. दुसऱ्यासाठी म्हणायचं होतं, तरी मला ते जमेना. आपण हे वाक्य म्हणालो, तर ते कुणाचं होईल, असं काहीतरी मनात आलं. नीट सांगता येत नाही.

मी गाडी थांबवली नाही. मीही हात वर केला, जणू जरा पुढे जाऊन परत येतो, अशा अर्थाने. आरशात ते बराच वेळ उभे दिसले, मग वळण आलं. मी थेट कुडाळला गेलो आणि त्यांची गाडी सुटून तास झाल्यावर घरी परतलो. कुडाळात मला काही काम नव्हतं.