पाच मिनिटांची शांतता

आमच्या प्राजक्ताने सिनेमाच्या धंद्यात जायला माझी काहीच हरकत नव्हती. सिनेमात जाऊन ती आवाजाच्या खात्यात जाणार म्हणाली, तिथं माझं बिनसलं.

पुण्यात ती सिनेमाचं शिकते. तिथं पहिल्या वर्षी पोरांना सगळंच थोडं थोडं शिकवतात आणि पुढं मात्र एक काहीतरी धरावं लागतं : दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन नाहीतर ध्वनी. आता ही चार खाती समोर ठेवल्यावर शहाण्या माणसाने कुठलं उचलावं? मी तर ती पहिल्या वर्षाला असतानाच तासगावच्या मार्केट यार्डात सांगून टाकलं होतं, की आमची पोरगी डायरेक्टर होणार. पेढेसुद्धा वाटले! (बेदाण्याच्या बाजारात पेढे वाटणारा मी पहिलाच असेन.) आणि सुट्टीला घरी आलेली पोरगी सांगते, "आप्पा, मी साउंड घेणार."

"साउंड? म्हंजे मांडवात बॉक्स लावत्यात ते?"

"नाही हो. सिनेमात जे जे ऐकू येतं ना, ते सगळं. पावलं, वारा, दार वाजतं ते..."

"दार आपोआप वाजतंय की! त्याला पोरगी कशाला लागती?"

माझा आवाज चढला की गप्प बसायचं, ही तिची लहानपणापासूनची युक्ती आहे आणि तिच्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही.

आवाजाचं म्हणाल, तर तो माझा धंदाच आहे. मी बेदाण्याचे सौदे पुकारतो. एका ढिगापाशी उभा राहून भाव पुकारला की यार्डाच्या दुसऱ्या टोकाचा व्यापारी मान हलवतो. घरातही मी तोच आवाज वापरतो, कारण माझ्याकडे दुसरा नाही. जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्या घरातून मीठ येतं.

आता ध्वनीच्या जागा असतात मोजक्या. त्यामुळे तिच्या सरांनी एक परीक्षा ठेवली होती. आपल्या घरातली शांतता रेकॉर्ड करून आणायची. घरातली सगळी माणसं घरात पाहिजेत, कुणी बोलायचं नाही आणि पाच मिनिटांचा एकसलग तुकडा पाहिजे. तो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. जमला तर साउंड, नाहीतर जे खातं उरेल ते.

"शांततेचं कसलं आलंय रेकॉर्डिंग?" मी म्हणालो. "शांततेत असतंय काय?"

"तेच तर ऐकायचंय, आप्पा. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते."

"आन् आपल्या घरची कशी हाय?"

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शालनने, उत्तर दिलं, "आपल्यात न्हाईच. दुसरीकडनं आणाय लागंल."

हे मला लागलं. आयुष्यभर आवाजावर भाकरी खाल्लेला माणूस पाच मिनिटं गप्प बसू शकत नाही म्हणजे काय! डायरेक्टरचं नंतर बघू, आधी शांतता करून दाखवतो, म्हटलं. कामाला लागलो.

प्राजक्ताने कानाला हेडफोन लावले, माईक हातात धरला आणि डोळे मिटले. लगेच उघडले. "फ्रिज!" फ्रिज बंद केला. "पंखा!" पंखा बंद केला. मग इन्व्हर्टरची गुणगुण ऐकू आली म्हणून तोही बंद केला आणि मेन स्विचच खाली ओढला. भिंतीवरचं घड्याळ गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलं. रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्यांवर उरलेल्या गोधड्या टांगल्या. फोन बंद केले. दाराची कडी वाऱ्याने खुळखुळते म्हणून कडी न लावता दार नुसतं लोटून घेतलं. एवढं झाल्यावर घरात असा अंधार पडला की शालन पाण्याच्या कळशीला धडकली. मग तिने देवापुढची समई आणून पेटवली.

"आता कसं?" मी विचारलं.

"आता तुमची खुर्ची वाजतेय."

मी खुर्ची सोडून खाली मांडी घातली. गुडघे कडाडले. पाय पसरले, तर पाठ दुखून कण्हायला झालं. शेवटी प्राजक्ता म्हणाली, "आप्पा, तुम्ही सरळ आडवेच व्हा बघू." मी मधल्या खोलीत चटई टाकून उताणा झालो. फरशी गार लागत होती. लोकरीचं पांघरूण खसखसतं म्हणून तिने माझ्या अंगावर सुती चादर घातली. (पांढरी. दुसरी धुवायला टाकली होती.) समईला कुणाचा पाय लागू नये म्हणून शालनने ती माझ्या उशाला ठेवली, कारण तिथं कुणी जात-येत नव्हतं.

"आप्पा, तुमच्या नाकातनं शिट्टी येतेय."

"सर्दी झालीय, मी काय करू? नाक घरी ठिवून यार्डात जाऊ व्हय?"

"तोंडाने श्वास घ्या आणि नाकात जरा कापूस घाला."

घातला. दोन्ही नाकपुड्यांत. वाचकहो, तुमच्या आता लक्षात आलंच असेल. त्या वेळी त्या घरातल्या तीन सज्ञान माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही!

आता फक्त समोरची पिठाची गिरणी राहिली होती. गिरणीवाला विलास आमचा जुना शेजारी, स्वभावाने हळवा. त्याला सांगायला शालन गेली. जाताना ती कांदा चिरून उठली होती, त्यामुळे डोळे पुसतच गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला मागाहून कळलं. ते असं :

"विलासभावजी, तासभर गिरण बंद ठिवा. आमच्याकडं आवाज नको."

"का वं वैनी? आप्पा कुठं हायत?"

"खाली निजवलंय त्यास्नी. चटईवर."

"आन्... बोलत न्हाईत?"

"न्हाई. बोलणं बंद झालंय. मी जाते, पोरगी एकटीच बसलीया जवळ."

यात शालनचा एक शब्दही खोटा नाही. तरी विलासने गिरण बंद करून पट्ट्याला हात जोडले, आणि दळणाला आलेल्या बायांना सांगितलं, की आप्पांचा सकाळपासून आवाज नाही. दुसऱ्या कुणाचा सकाळपासून आवाज नसेल तर लोक म्हणतात, झोपला असेल. माझ्या बाबतीत ही शंका कुणाला आली नाही.

विलासच्या बायकोने शालनला फोन लावला, तो बंद. माझा लावला, तो बंद. मग तिने कुपवाडला आक्काला लावला. आक्का ही माझी थोरली बहीण. दिवाळीपासून आमचं बोलणं बंद होतं, कारण मी तिच्या जावयाला "या" म्हणालो ते भांडल्यासारखं म्हणालो, असं तिचं म्हणणं. तिनेही आम्हाला फोन लावून बघितला. तोही लागला नाही, तेव्हा ती भाच्याच्या मोटरसायकलवर बसून निघाली.

आत आमचं चाललंच होतं. एकदा नळ ठिबकला, एकदा पाल चुकचुकली, एकदा शालनला उचकी लागली. दर वेळी पहिल्यापासून. शेवटी प्राजक्ताने बजावलं, "आता शेवटचं. मी हात वर करते. हात खाली येईपर्यंत घर पडलं तरी कुणी हलायचं नाही." आणि हात वर केला.

खरं सांगतो, त्या वेळी मला फार बरं वाटलं. दूर कुठंतरी द्राक्षाच्या मळ्याकडे ट्रॅक्टर चालला होता. शालनच्या बांगड्या श्वासाबरोबर बारीक किणकिणत होत्या, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी ऐकू आलं नव्हतं. पोरीने डोळे मिटले होते आणि तिचा चेहरा असा निवला होता, की मला वाटलं, मिळू दे बाई हिला हे साउंड. मनापासून वाटलं.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. एक जोडी नाही, पुष्कळ. दारापाशी येऊन सगळ्या हळूहळू पायांतून निघाल्या. दार जरासं किलकिलं झालं.

"उशाला दिवा लावलाय बग."

"नाकात कापूस बी घातलाय. संपलं सगळं."

"काल तर मीठ मागत होतं की वं!" हा विलास.

"माणूस सोन्यासारखा."

"सोन्यासारखा खराच. पण आवाज लय."

"आता माझ्या नातवाला दुपारची झोप तरी लागंल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून एकेकाला जाब विचारावा असं वाटलं. पण डोळे तिरके करून बघितलं, तर पोरीचा हात वरच होता! पाच मिनिटं व्हायची होती. मी दात खाऊन मेलेला राहिलो.

आणि मग आक्का आली.

"माझ्या दत्तू रंऽऽ! माझ्या कोकिळेऽऽ!"

दार भिंतीवर आपटलं. आक्का अंगाने चांगली भरलेली आहे. ती धावत आली आणि तिने स्वतःला माझ्यावर झोकून दिलं. "कवा कुणाला मोठ्यानं बोलला न्हाईस रंऽऽ! माझ्या जावयाला 'या' म्हणालास, ते किती ग्वाड म्हणाला व्हतास रंऽऽ!"

एवढं मी सहन केलं असतं, किंबहुना आवडीने ऐकलं असतं. पण तिचा खांदा माझ्या तोंडावर आला. नाकात कापूस, तोंडावर आक्का! श्वास घ्यायला जागाच उरली नाही. पोरीच्या हाताकडे शेवटचं बघितलं, सगळा जीव एकवटला आणि आक्काला बाजूला ढकलून उठून बसलो.

"आक्केऽऽ! गप बस की! रेकॉर्डिंग चालू हायऽऽ!"

यार्डात पुकारतो त्या आवाजात.

आक्का मागच्या मागे शालनच्या मांडीत कोसळली. विलास दारातल्या दोन बायांना घेऊनच पायरीवरून खाली गेला. शेजारणींनी आमच्यासाठी आणलेल्या पिठलं-भाकरीच्या थाळ्यांतली एक वाजत वाजत गटारापर्यंत गेली. एकजण तर माझ्याच चपला घालून पळाला, आणि त्या अजून मिळालेल्या नाहीत.

लोक थोड्या वेळाने परत आले, पण आनंद कुणाला झालेला दिसला नाही. "मेला न्हवता तर तसं सांगायचं की आधी!" असं मलाच ऐकवलं. विलास म्हणाला, "सगळ्यांची दळणं खोळंबली वं आप्पा," आणि तरातरा जाऊन त्याने गिरण चालू केली. आक्का पाणी प्याली, मला पाठीत एक धपाटा घातला, आणि मग पदर तोंडाला लावून खरी रडली. मलाही गहिवरून आलं. पिठलं-भाकरी कुणी परत नेईना, असलं जेवण परत न्यायचं नसतं म्हणे. मग आम्ही आणि आक्काने मिळून ते खाल्लं. पिठलं झकास होतं.

जेवली नाही ती प्राजक्ता. रेकॉर्डिंगचं मशीन मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. संध्याकाळ व्हायला आलेली, समोर गिरणी धडधडतेय, घरात निम्मी गल्ली बसलेली. आता कसली शांतता मिळणार! मी जवळ गेलो आणि म्हणालो, "ऐकू तर दे, काय आलंय."

तिने हेडफोन माझ्या कानाला लावले. आधी तो ट्रॅक्टर आला, मग बांगड्या. मग चपला निघाल्याचा आवाज, कुजबुज, नातवाच्या झोपेची काळजी (तो आवाज मी ओळखला आहे!), आक्काचा हंबरडा. आणि त्याच्यामागे अगदी बारीक, कुणीतरी मुसमुसत होतं.

"हे कोण रडतंय?" मी शालनला विचारलं. "तू? तुला ठावं न्हवतं व्हय मी जित्ता हाय ते?"

"ठावं होतं वं," ती म्हणाली. "पर आक्का इतक्या मनापासनं रडत होत्या, मला बी ऱ्हावंना."

मी हेडफोन काढले आणि पोरीला म्हणालो, "हाय तसं पाठव. काय बी कापू नगंस." तिने डोळे पुसले आणि पाठवलं.

पुढचा आठवडाभर मला यार्डात भाव नीट पुकारता येईनात. ज्या खात्याला मी नाकं मुरडली, ते पोरीला मिळावं म्हणून देवाला नारळ बोलून बसलो. आणि एका दुपारी तिचा फोन आला.

"आप्पा, मिळालं! साउंड मिळालं मला!"

मला फार आनंद झाला. मग विचारलं, "सर काय म्हणाले?"

"फार आवडलं त्यांना. म्हणाले, बोलायचं नाही हा नियम मोडलास, पण ती शांतता, त्या चपला, त्या बाईंचं रडणं, सगळं अगदी खरं वाटतं. एवढंच म्हणाले की..." ती घुटमळली.

"की काय?"

"तो मेलेला माणूस शेवटी ओरडतो ना, तेवढा नट बदल म्हणाले. फारच खोटं ओरडतो. असं खऱ्या आयुष्यात कुणी ओरडत नाही."

मी घसा साफ केला आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, "सरांना म्हणावं, सांभाळून घ्या. नट नवीन हाय, मरायची पहिलीच खेप होती."