दादाच्या हातावरचं नाव

लग्न ठरल्याबरोबर दादानं रोह्याच्या जत्रेत हातावर होणाऱ्या बायकोचं नाव गोंदवून घेतलं. घोटाळा असा, की आमच्या आईचंही नाव तेच. हळद लावताना आईनं ते पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि दादाचा हात धरून पाहुण्यांना दाखवत फिरली. दादा गप्प बसला तो बसलाच. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात वहिनीचं नाव बदललं, आणि हातावरचं नाव कायमचं आईचं झालं. दादा कामाला होता त्या धाटावच्या कंपनीतही आईवेडा म्हणून त्याला मान.

वहिनी मात्र विसरली नव्हती. मुलं मोठी झाल्यावर एकदा तिनं शांतपणे सांगितलं, "माझं हाय तर माझं म्हणून सांगा. नायतर पुसून टाका."

आईला सांगण्यापेक्षा पुसणं सोपं, असं दादाला वाटलं.

मला लग्न करून पेणला दिलेली. तिथं एक डॉक्टरीणबाई लेझरनं गोंदण पुसून द्यायच्या. आम्ही तिघं गेलो. त्यांनी आधी सगळ्यांना काळे चष्मे दिले. चुकार किरण डोळ्यात गेला तरी आतला पडदा जळतो म्हणाल्या. मग समजावलं, की हा प्रकाश कातडीतून आत जाऊन काळ्या शाईला धरतो, तिचा चुरा करतो, आणि तो चुरा शरीरच हळूहळू वाहून नेतं.

"पण तुमची कातडीही सावळी आहे. लेझर तिच्या रंगालाही धरेल. फोड आले तर फोडू नका, हात उन्हात नेऊ नका."

दादानं मान डोलावली. मशीन टकटकू लागलं, तशी अक्षरं जागच्या जागी पांढरी फेसाळली आणि जळक्या केसांचा वास सुटला. रबर ताणून मारल्यासारखं लागतंय, असं दादा कण्हत म्हणाला. वहिनी त्याचा दुसरा हात धरून होती, आणि मला वाटतं, थोडी खूशही होती.

अशा चार-पाच खेपा झाल्या. घरी लांब बाह्या. पण शेवटच्या खेपेनंतर भाताची लावणी आली, आणि हा बाह्या दुमडून चिखलात उतरला. फोड फुटले, हात सुजला, आणि आईनं पाहिला.

"माझं नाव कशाला जाळलंस रे?"

दादानं चिखलाकडे बघत सांगून टाकलं, की ते तिचं नव्हतंच, हिचं होतं.

आई रोपांची जुडी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मग माझं कुठं हाय?"

वहिनीला हसू आवरेना, ती जाऊन बांधावर बसली. आई दिवसभर दादाशी बोलली नाही. रात्री ताट मात्र तिनंच वाढलं.

जखम भरली. शाई गेली, पण तिच्याबरोबर कातडीचा रंगही गेला, आणि सावळ्या हातावर तेच नाव पांढरंफेक उमटलं, पहिल्यापेक्षा स्वच्छ. रंग भरेलही, वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादा पुन्हा त्यांच्या दारात गेला नाही.

आता बसमध्ये कोणी विचारलं तर तो बायकोचं नाव म्हणून सांगतो. आई शेजारी असली तर बाही खाली ओढतो.