चार बोटं कापड

जव्हारच्या बाजारात आमचे टेलरमास्तर शाळेचे गणवेश शिवतात. माप घेताना दातांत टाचणी धरूनच ते प्रत्येक आईला विचारतात, "पोरगा पँट कुठं फाडतो?" दाभोशाहून जीपनं आलेल्या बाया लाजत सांगतात आणि मास्तर हसतात. पँटच्या पायाशी चार बोटं जादा कापड ते आत दुमडतातच. "वाढतं अंग आहे, ताई. पुढच्या वर्षी उसवून खाली सोडा."

त्यांचा थोरला मुलगा मशीनशेजारी खुर्चीत बसलेला असतो. जन्मजात आजारानं त्याच्या अंगातली ताकद वर्षागणिक जात चाललीय. आधी तो सारखा पडायचा, मग चालणंच थांबलं. धाकट्यालाही हे होऊ शकतं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मास्तर त्यावर बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

परवा त्यांच्या हातात एक छोटी, कोरी पँट होती. गुडघ्यांच्या जागी ते आतून जाड कापड लावत होते.

"नव्या पँटला ठिगळ?" माझ्या तोंडून गेलं.

"धाकट्याची आहे." त्यांनी मान वर केली नाही. "पडायला लागलाय."

मास्तरांनी पँट उलटी केली आणि पायाशी बोटं ठेवून, नेहमीसारखंच, चार बोटं कापड आत दुमडलं.