पिवळ्या गळ्याची पाल

ताईची सासू पालीला फार घाबरायची. भिंतीवर पाल दिसली की ती स्वयंपाक टाकून अंगणात येऊन उभी राही. अशा घरात प्राणिशास्त्र शिकवणारी सून आली, आणि सुनेने पालींचाच अभ्यास धरला. ताई हे हसत हसत सांगायची. नाशिकच्या एका कॉलेजात ती मला दहाएक वर्षांनी सीनिअर. पहिल्याच आठवड्यात मी तिला मॅडम म्हणणं सोडून ताई म्हणू लागले. तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी, मखमलाबादकडे फुलांची शेती करतात. रविवारी ते गुलाब आणि शेवंती घेऊन बाजारात जात, आणि आम्ही दोघी ताईच्या स्कूटरवर पेठच्या डोंगरांकडे.

ती पाल तिथेच दिसली. ओढ्याच्या वर एक मोठी कपार आहे, दुपारीही तिथे गारवा असतो. ताई दगडाला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "हलू नकोस." बोटभर लांबीची पाल कपारीच्या तोंडाशी आली होती. गळा हळदीसारखा पिवळा.

"नेहमीचीच आहे ताई," मी म्हटलं. "नर असेल, म्हणून गळा पिवळा."

"नेहमीच्या नराचा पिवळा रंग गळ्यातच संपतो. हिचा बघ, छातीपर्यंत उतरलाय. ही आपली नाही गं."

लोकांना वाटतं, नवा प्राणी सापडला की सापडला. खरं तर तेव्हा फक्त शंका हाती येते. वनखात्याची परवानगी आली, मग आम्ही मोजक्या पाली पकडल्या. नवी जात सांगायची तर शरीराचा पुरावा लागतो, कायमचा जपून ठेवलेला. त्यांना मारण्याचं इंजेक्शन ताईनेच दिलं. परतताना स्कूटर तिने मला चालवायला दिली.

मग मोजमाप. पाठीवरचे खवले, बोटांखालच्या पट्ट्या, नराच्या मांडीखालची बारीक छिद्रं. मी मायक्रोस्कोपमध्ये बघून आकडा सांगायची, ताई म्हणायची, "परत मोज." तिसऱ्यांदाही तोच आकडा आला की मगच लिहायची. मुंबईच्या संग्रहालयात इंग्रजांच्या काळात बाटलीत ठेवलेल्या पाली आहेत. त्यांचा रंग केव्हाच गेला आहे, पण खवले मोजता येतात. त्यांच्याशी आमच्या पाली ताडून पाहायला आम्ही गेलो, तेव्हा ताईने जिन्यात दोनदा बसून घेतलं. "वय झालं," म्हणाली.

वय नव्हतं. छातीत गाठ होती, आणि ती बरीच पसरलेली होती.

जनुकांची तपासणी बंगळूरच्या प्रयोगशाळेत चालली होती. निकाल आला त्या दिवशी ताईच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. मी कानाशी वाकून म्हटलं, "वेगळी आहे ताई. जवळच्या सगळ्या जातींपेक्षा वेगळी." ती डोळे मिटूनच म्हणाली, "मी सांगितलं होतं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "खवले जुळतात ना त्याच्याशी? नुसत्या जनुकांवर जाऊ नको."

नावाचा विषय तिथेच निघाला. मी म्हटलं, पालीला तुझंच नाव देऊ.

"मग शोधनिबंधातून मला काढावं लागेल. स्वतः वर्णन लिहिलेल्या प्राण्याला स्वतःचं नाव लावत नाहीत, शोभत नाही ते." मग म्हणाली, "मी आजारी आहे म्हणून मला मान नको देऊ. मी पाहिली, मी मोजली. तेवढं राहू दे. तिला तिच्या गळ्यावरून नाव दे."

निबंध पाठवला. तपासणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, हा फरक एकाच कपारीपुरता असू शकतो, दुसऱ्या ठिकाणची उदाहरणं दाखवा. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ताई पलंगावरून उठू शकत नव्हती, म्हणून मी एकटी पलीकडच्या डोंगरावर गेले. तिथेही पाली मिळाल्या, तशाच गळ्याच्या. त्यांचे फोटो लॅपटॉपवर मोठे करून मी तिच्या घरी घेऊन गेले. तिला आता स्क्रीनकडे बघवत नव्हतं. मी मोजत होते, ती ऐकत होती. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. फोटोतली पाल बघून या वेळी त्या अंगणात गेल्या नाहीत. आत येऊन सुनेच्या पायांवरची चादर सारखी करत राहिल्या.

निबंध स्वीकारल्याचा मेल आला, तेव्हा ताईचा दहावाही होऊन गेला होता.

दाजी कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये बसले नाहीत, बाहेर गुलमोहराखाली उभे राहिले.

"मॅडम, त्या पालीला हिचं नाव द्या ना."

मी ताईचं बोलणं सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या कागदात कोण बघतंय नाव? लोकं पालीचं नाव घेतील. पोरगी शाळेत सांगंल, माझ्या आईच्या नावाची पाल हाय म्हणून."

"दाजी, ती स्वतः नको म्हणाली होती."

"गेलेल्या माणसाचं इतकं ऐकायचं असतं का?" ते चिडून बोलले आणि लगेच रडू लागले.

त्या संध्याकाळी मी फाइल उघडली. लेखकांतून ताईचं नाव काढलं आणि पालीला दिलं. मलाही तेच हवं होतं, आधीपासून. मग वरून वाचत आले. आता त्या कागदानुसार कपार मी शोधली होती. नमुने मी घेतले होते, मोजले मी होते. त्या कागदात ताई कुठे गेलीच नव्हती, नुसती तिची आठवण काढली होती. मी सगळं पूर्ववत केलं आणि पाठवून दिलं.

दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. नंतर कित्येक महिने आमचं बोलणं नव्हतं. बाजारात एकदा दिसले, तर त्यांनी मान वळवली.

निबंध छापून आल्यावर मी त्याची प्रत घेऊन घरी गेले. पोरीने पहिली ओळ मोठ्याने वाचली. दाजींनी ताईच्या नावावर बोट ठेवलं. "ही बारकी खूण कसली?"

"लेखक हयात नाही, याची."

 बोट न उचलता ते म्हणाले, "मला ती जागा दाखवा."

थंडी सरता सरता आम्ही गेलो. कपारीसमोर दोघेही न हलता बसलो. बऱ्याच वेळाने एक पाल बाहेर आली, गळा उन्हात चमकला.

"एवढीशी?" दाजी कुजबुजले. "मला वाटलं, मोठी असंल. एवढ्याशासाठी ती…"  पाल फटीत शिरली, तरी ते तिकडेच बघत होते.

"हिच्यासंगं कधी आलो नाय मी," ते म्हणाले. "दर रविवारी बोलवायची. मी म्हणायचो, बाजार हाय."

 खाली ओढ्याला अजून थोडं पाणी होतं.

"पावसात कपारीत पाणी शिरत असंल ना," त्यांनी विचारलं. "मग कुठं जातात या?"

मला माहीत नव्हतं. अजून कुणीच ते पाहिलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात येऊन बघायचं, असं ताई म्हणायची.